सतरा दिवसांची हजेरी

धुळे, सोमवार, ७ जानेवारी १९९१

सुनंदावहिनी, जयभीम.

पाकिटावरचं अक्षर ओळखून तुम्ही हे सरळ चुलीत घालाल, म्हणून आधीच सांगतो, काही मागायला लिहीत नाहीये. वीस महिने झाले, तुम्ही माझ्याशी एक शब्द बोलला नाहीत. तुमचं बरोबरच आहे. मीही जामनेरला तुमच्या माहेरच्या दारापर्यंत कधी आलो नाही, उगाच कशाला खोटं बोलू.

मी इथं प्रशिक्षणाला आलोय. पंधरा वर्षं मी खेड्यापाड्यांतून विहिरींची पाणीपातळी मोजत फिरलो, तेव्हा सरकार झोपलं होतं. आता एकदम जाग आली, की बाबा, पितांबर इंगळे पर्यवेक्षक व्हायच्या लायकीचा आहे का ते बघा. बाहेर मोठा फलक लावलाय : 'पर्यवेक्षकांसाठी नेतृत्व विकास'. सतरा दिवस राहणं-खाणं इथंच. शेवटी दाखला, आणि दाखला असेल तरच बढती. तीस जण आहोत, सगळे चाळिशी ओलांडलेले, मफलर गुंडाळलेले, पुढच्या बाकाला घाबरणारे. शाळेत परत घातल्यासारखं वाटतंय.

लिहायचं कारण वेगळंच आहे. इथं प्रत्येकाच्या जागेवर पुठ्ठ्याची पाटी, नावाची. पाटीपुढं पाण्याचा ग्लास, त्यावर झाकण. माझी पाटी शोधली, बसलो, आणि सहज डाव्या हाताला बघितलं. तिथं पाटी होती : श्री. भटू नथू अहिरे, जळगाव.

वहिनी, मी ती पाटी उचलून दोनदा वाचली. नंतर डोकं चालवलं तर कारण साधं निघालं. आपल्या ऑफिसनं ज्येष्ठता यादी पाठवली ती १९८९ च्या जानेवारीची. तेव्हा भटू होता. नंतर कोणी नाव खोडलंच नाही. माणूस गेला तरी आमच्याकडे कागद जागचा हलत नाही, हे तुम्हाला मी काय सांगावं!

वाणी सर म्हणून मुख्य शिकवणारे आहेत, शांत माणूस, खादीचा कोट घालतात. मी त्यांना सांगायला उठलो, तेवढ्यात हजेरीपट फिरत आला आणि राहून गेलं. उद्या सांगेन. तुम्हाला कळवावंसं वाटलं, बस. पाकीट उद्या पेटीत टाकतो.

पितांबर इंगळे


धुळे, शुक्रवार, ११ जानेवारी

वहिनी, जयभीम.

मागच्या पत्रात एक गोष्ट लिहिली नव्हती. हजेरीपट माझ्यापुढं आला तेव्हा मी दोन सह्या केल्या. एक माझी, एक भटूची.

मुद्दाम नाही हो! हातानं केली. अकरा वर्षांची सवय. तुम्हाला भटूनं घरी सांगितलं असेलच, त्याच्या पोटात काही राहायचं नाही. एकानं विहिरी मोजायला जायचं, दुसऱ्यानं ऑफिस सांभाळायचं. दौरा एका दिवसाचा मंजूर व्हायचा. एवढ्या उन्हात, एवढ्या लांबच्या विहिरी एका दिवसात कशा मोजून होणार? मग दुसऱ्या दिवशी तो गावाकडून सरळ घरी जायचा, पडून राहायचा, आणि मी त्याची सही ठोकायचो. पुढच्या महिन्यात मी लोळायचो, तो ठोकायचा. निघताना सायकलवर टांग टाकता टाकता त्याचं ठरलेलं वाक्य, "मनी सही करी टाकजो रे भाऊ!" त्याचा तो 'भ', खाली शेपटी ओढलेला, मला त्याच्याहून चांगला यायचा. साहेबांपुढं दोन्ही ठेवल्या असत्या तर त्यांनी माझीच खरी मानली असती. ऑफिसात कोणाला यात वावगं वाटत नव्हतं. बठ्ठेच करायचे, अगदी सगळे.

तर सोमवारी केली, आणि मग मंगळवारी कशी थांबवणार? आज आलाय आणि उद्या नाही, तर कोणीतरी विचारेल कुठं गेला. म्हणून रोज करतोय. मला माहितेय हे मूर्खपणाचं आहे. वाणी सरांना सांगायला रोज उठतो आणि रोज चहाची घंटा होते.

आणखी एक आहे. तुम्ही हसाल, हसा. त्याच्या जागेवरचा ग्लास दुपारपर्यंत कमी झालेला असतो. पहिल्या दिवशी वाटलं, नजर चुकली असेल. मी आयुष्यभर पाणी मोजलंय वहिनी, मला नजरेवर सोडता येत नाही. बुधवारी बोटांनी मोजलं. सकाळी काठोकाठ, दुपारी दोन बोटं खाली. काल तीन. आज निम्मा. झाकण जागच्या जागी. इथला शिपाई उखर्डू पाणी भरताना मला म्हणाला, "या साहेबांना फार तहान लागते बुवा." मी म्हटलं, कोणत्या साहेबांना? तो ग्लासावर झाकण ठेवून पुढच्या रांगेत गेला.

थंडीनं मला सर्दी झालीय. बाकी ठीक.

पितांबर


धुळे, मंगळवार, १५ जानेवारी

वहिनी,

काल संक्रांत झाली. वर्गात तिळगूळ वाटला. उखर्डूनं भटूच्या पाटीपुढंही दोन लाडू ठेवले. संध्याकाळी वर्ग सुटताना लाडू तसेच होते, ग्लास मात्र पार कोरडा.

इथली माणसं मला आता 'अहिरे' म्हणतात. झालं असं, की उखर्डू रोज फरशी पुसताना पाट्या उचलतो आणि परत लावताना इकडच्या तिकडं होतात. दोन-तीन दिवस मी भटूच्या पाटीमागं बसलो असेन. वाणी सरांनी पाटी वाचून विचारलं, "अहिरे, तुमचं मत?" आणि मी मत सांगितलं. तिथंच अडवायला हवं होतं. आता नाशिकचा एक जण जेवताना म्हणतो, "भटूभाऊ, भाजी घ्या." मी घेतो.

आज वाणी सरांनी एक स्वाध्याय दिला, त्यामुळंच लिहायला बसलो. म्हणाले, "नेतृत्वाची मोठमोठी पुस्तकं बाजूला ठेवा. कागद घ्या. तुमच्या हाताखालच्या, बरोबरच्या प्रत्येक माणसाचं नाव लिहा. त्याच्यापुढं लिहा, आत्ता या क्षणी तो कुठं आहे. कागदावर कुठं आहे ते नको. खरोखर कुठं आहे. ज्याला हे सांगता येत नाही त्यानं खुर्चीवर बसू नये."

सगळे खाली माना घालून लिहायला लागले. माझा कागद कोराच राहिला. सर जवळ येऊन थांबले आणि पुढच्या बाकाकडं गेले.

वहिनी, मला १९८९ चा तो बुधवार आठवला. १७ मे. सोमवारी तो रावेरकडच्या विहिरी मोजायला गेला. त्याच्या आदल्या दिवशी तुमचं दोघांचं भांडण झालं होतं. दोन दिवस तो घरी आला नाही, म्हणून बुधवारी दुपारी तुम्ही ऑफिसात आलात. घामाघूम. लेकीला, कमलला, शेजारी ठेवून आला होतात. शिपायानं हजेरीपट बघितला आणि सांगितलं, आहेत की, सही आहे. तुम्ही माझ्या टेबलापाशी आलात आणि भटू कुठं आहे ते विचारलंत, "भाऊ, हे कोठे शेत?"

मी म्हणालो, "चहाला गेलाय. येईल आत्ता."

मला वाटलं होतं तो रावेरला कोणाकडं तरी पडला असेल, भांडणाचा राग निवेपर्यंत. समोर साहेब बसले होते. सही करून बसलो होतो, मग काय सांगणार? तुम्ही दाराजवळच्या बाकावर पाच वाजेपर्यंत बसलात. मी तीनदा बाहेर जाऊन आलो, त्याला शोधल्याचं नाटक करत. जाताना तुम्ही म्हणालात, "मले टाळतस ते. टाळू द्या."

गुरुवारी तो सापडला, पडीक विहिरीत, केळीच्या बागेच्या टोकाला. तिकडची पाण्याची मोटार जळालेली, आठवडाभर कोणी फिरकलं नव्हतं. डॉक्टर म्हणाले, जीव बुधवारी रात्री गेला. हजेरीपट म्हणाला, मंगळवार-बुधवार तो ऑफिसात होता. दोन कागद जुळवले आणि झाली चौकशी : बायको ऑफिसात येऊन बसली, त्यानं तोंड चुकवलं, रावेरला जाऊन उडी टाकली. मला विचारलं, सह्या त्याच्याच का? मी 'हो' लिहून दिलं. त्याची वही आणि टेप ऑफिसात जमा झाली. वहीत काही विशेष नव्हतं.

भटूच्या वडिलांनी, आबांनी तुम्हाला घराबाहेर काढलं आणि कमलला ठेवून घेतलं, हे मला जूनमध्ये कळलं. मला वाईट वाटलं. खरंच वाटलं.

पितांबर


धुळे, सोमवार, २१ जानेवारी

वहिनी,

काल रविवारची सुट्टी होती. एसटीनं भटूच्या गावी गेलो, आबांकडं. कोणी बोलावलं नव्हतं. सगळं सांगूनच यायचं असं ठरवून गेलो होतो.

कमल चांगली आहे, आधी तेच लिहितो. उंच झालीय. दोन वेण्या, समोरचा दात पडलाय. दुसरीत पहिली आली. तिनं विचारलं, "काका, आई कशी आहे?" आबा ओट्यावर होते, त्यांनी तिला घरात हाकललं. मला म्हणाले, "त्या बाईनं नाव या घरमा नको. तिनी मना पोऱ्याले मारी टाकं." मी चहा पीत होतो. चहा पीतच राहिलो.

थोड्या वेळानं कमल प्रगतिपुस्तक घेऊन बाहेर आली. पालकाच्या सहीच्या रकान्यात आबांचे अंगठे, निळे, एकाखाली एक. वर्गातल्या मुली चिडवतात म्हणे. तिनं पुस्तक माझ्या मांडीवर ठेवलं आणि म्हणाली, "बाबा सांगायचे, तुम्हाला त्यांची सही येते. करा ना."

आबा हसले. "माले सही येत नही तं काय झालं? मना अंगठा मनाच ऱ्हास. दुसरा कोन्ही नही करी सकत." पण त्यांनीही पोरीला अडवलं नाही. वर मलाच म्हणाले, "कर रे बाबा. तिले बरं वाटी."

मी केली, वहिनी. शेपटीवाला 'भ'. पोरीनं तो रकाना छातीशी धरला आणि आत पळाली. मी काही न सांगता परत आलो. शिवी द्या, मी ऐकून घेईन.

आज सकाळी वर्गात बसलो तर माझ्या बोटांना ओला खडू लागलेला. मी फळ्याकडं गेलोच नव्हतो. तुम्हाला ठाऊक आहे ना, टेपच्या टोकाला खडू चोळून विहिरीत सोडायचा, जिथवर भिजला तिथवर पाणी. भटूच्या बोटांना तो कायम असायचा, तुम्ही त्यावरून त्याला ओरडायचा. मी रुमालानं पुसलं. चहानंतर परत होता. मग पुसलं नाही.

आता मला भीती वाटते, पण त्याची नाही. तो शेजारी बसतो, पाणी पितो, बस. कधी कधी बरंच वाटतं. भीती वाटते ती माझी स्वतःची पाटी दिसत नाही याची. उखर्डूला विचारलं, इंगळ्यांची पाटी कुठं गेली? तो म्हणाला, "ते आलेच नाहीत ना साहेब, काढून ठेवली."


धुळे, शुक्रवार, २५ जानेवारी

सुनंदावहिनी,

आज शेवटचा दिवस. हे पत्र पूर्ण वाचा, मग काय करायचं ते करा.

आधीची चारही पत्रं मी पेटीत टाकली नव्हती. ती बॅगेतच होती. आता पाचही एकत्र येतील.

अकरा वाजता दाखले वाटायला सुरुवात झाली. "भटू नथू अहिरे," वाणी सरांनी पुकारलं, "सतरा दिवस पूर्ण हजेरी." टाळ्या वाजल्या. माझे पाय उठले, मी जाऊन दाखला घेतला. मग सरांनी हजेरीपट माझ्यापुढं धरला. भटूच्या नावापुढं सतरा सह्या. त्याच्याखाली, पितांबर इंगळे, सतरा रिकामे चौकोन.

मी पहिल्या दिवशी दोन सह्या केल्या होत्या. मी तुम्हाला तसं लिहिलंय, वर काढून बघा. रोज दोन केल्या असं मला आठवतं. मी त्याची सतरा दिवस केली, आणि माझी कोणी केली नाही. या वेळी निघताना 'माझी सही करून टाक' असं मी त्याला सांगितलंच नव्हतं ना.

सर म्हणाले, "अहिरे, हे इंगळे तुमच्याच ऑफिसचे. एकदाही आले नाहीत. कुठं आहेत ते? ठाऊक आहे का तुम्हाला?"

तीस माणसं माझ्याकडं बघत होती. मी म्हणू शकलो असतो, अहो मीच इंगळे. तोंड उघडलं आणि जे आलं ते असं :

"चहाला गेलेत. येतील आत्ता."

वहिनी, माझ्याच तोंडून ते माझ्याबद्दल ऐकलं, आणि दाराजवळच्या बाकाकडं माझं लक्ष गेलं. तिथं कोणी बसलं नव्हतं. तरी पाच वाजेपर्यंत कोणीतरी बसून राहणार आहे असं वाटलं, आणि मला रडू फुटलं. पोरासारखा रडलो सगळ्यांदेखत. सरांनी वर्ग बाहेर काढला. मग मी त्यांना सांगितलं, नावापासून सगळं. त्यांनी एकदाच विचारलं, "पुरावा आहे?"

आहे. वहीत काही विशेष नव्हतं असं मी लिहिलं, ते खोटं होतं. ऑफिसात जमा झाल्यावर मी ती वही गुपचूप उचलली, वीस महिने ती माझ्या बॅगेच्या तळाशी आहे. पोलिसांनी ती चाळली, त्यांना नुसते आकडे दिसले. मला मात्र पहिल्याच दिवशी कळलं होतं.

सोमवारी, १५ मे, भटूनं सहा विहिरी मोजल्या. सातवी ती पडीक. तिचा आकडा लिहिलाय : जमिनीपासून पाणी १७ मीटर ४०. त्याखाली त्याच विहिरीचे आणखी तीन आकडे आहेत. १६ मे सकाळ, ३ मीटर ६०. १६ मे संध्याकाळ, ३ मीटर ६०. १७ मे सकाळ, ३ मीटर ६५. अक्षर वाकडं, पण त्याचंच.

एका रात्रीत विहिरीचं पाणी चौदा मीटर वर येत नाही, वहिनी, तेही मे महिन्यात. तो वरून मोजतच नव्हता. सोमवारी आकडा लिहून टेप गुंडाळताना काठ ढासळला, तो आत पडला, पाय मोडला आणि कपारीवर अडकला. पाणी त्याच्या खाली दोन पुरुष खोल. तिथून तो टेप सोडत होता. ओलं टोक वर ओढून ओठांना लावत असेल. आणि त्याचा स्वभाव तुम्हाला माहीत आहे, टेप सोडलाच आहे तर आकडा लिहून ठेवू. हाकाही मारल्या असतील. मंगळवारी अकरा वाजता मी त्याची सही करत होतो तेव्हाही मारत असेल. मी सही केली नसती, तर साहेबांनी विचारलं असतं, भटू कुठं आहे? आम्ही रावेरला माणूस पाठवला असता. मंगळवारी तो जिवंत होता. तुम्ही बाकावर बसला होता तेव्हाही जिवंत होता.

त्यानं उडी टाकली नाही. तो तुम्हाला टाळत नव्हता. भांडणाशी याचा काही संबंध नाही. त्याचा जीव मी घालवला, आणि दोष तुमच्या पदरात टाकून बढतीची वाट बघत बसलो.

दुपारी मी जबाब लिहिला. वहीची नक्कल जोडून एक प्रत चौकशी अधिकाऱ्यांना रजिस्टर केली, एक या पाकिटात आहे. नोकरी जाईल, जाऊ दे. अस्सल वही घेऊन मी उद्या सकाळच्या गाडीनं आबांकडं जातोय. या वेळी चहा घेणार नाही. ते मला मारतील तर मारू देत, पण कमलला तुमच्याकडं पाठवा, हे म्हटल्याशिवाय ओट्यावरून उतरणार नाही. तिच्या पुस्तकावरची माझी सहीही मी खोडणार आहे. तिला खरं सांगायचं कसं ते मला सुचत नाही, ते तुम्ही सांगा.

भटूचा दाखला सोबत ठेवलाय. सतरा दिवस पूर्ण हजेरी. माझं मत विचाराल तर तो त्याचाच आहे. त्या मंगळवारी-बुधवारी सगळ्या ऑफिसात खरोखर कामावर होता तो एकटाच.

जबाबाखाली सही करताना अडचण झाली. तीनदा कागद बदलला. हात टेकवला की पहिलं अक्षर 'भ' पडतं, शेपटीसकट. माझी स्वतःची सही कशी होती ते हाताला आठवतच नाही. शेवटी वाणी सरांकडून शाईचा पॅड मागून घेतला. त्या जबाबावर आणि या पत्रावर, दोन्हीकडं तेच केलंय. हा दुसऱ्या कोणाचा असू शकत नाही.

निशाणी डाव्या हाताचा अंगठा
पितांबर इंगळे